शिळं पाणी फेकायचं नाही: नळ कोरडे असताना घर कसं चालवायचं

आमच्या बिल्डिंगमध्ये नळाला पाणी आलं हे कसं कळतं माहितीये? पहाटे पाचला जिन्यातून कुणाचा तरी आवाज येतो, "उदक आयलां गो!" आणि पाठोपाठ सगळ्यांच्या न्हाणीतून बादल्यांचा धबधबा ऐकू येतो. भरण्याचा नाही हां, ओतून देण्याचा. परवा भरून ठेवलेलं पाणी "शिळं" झालं ना, मग ते मोरीत आणि ताजं बादलीत. दोन दिवस पाणी नाही म्हणून कुरकुर करणारी हीच माणसं (त्यात पूर्वी मीपण) पाच मिनिटांत शंभर-दीडशे लिटर गटारात सोडून देतात आणि वर म्हणतात की आम्ही पाणी जपून वापरतो.

म्हणून पहिला नियम तोच. झाकून ठेवलेलं नळाचं पाणी दोन दिवसांत शिळं होत नाही, तो काय भात आहे? नवीन पाणी आलं की जुनं एक पायरी खाली उतरवायचं. पिण्याच्या कळशीतलं उरलेलं भांड्यांना, भांड्यांच्या बादलीतलं लादी पुसायला, लादीचं फ्लशला. मोरीत थेट काहीही जाणार नाही. एवढा एकच नियम घरात पाळला गेला तरी अर्धं काम झालं, बाकीचं मी खाली लिहितेय ते याच्याच पोटातलं आहे.

मी पर्वरीला राहते, दुसरा मजला, घरात पाच माणसं, म्हणजे आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. माहेर पेडण्याचं, तिथे बांय (विहीर) आहे त्यामुळे लहानपणी पाणी मोजायची सवयच नव्हती, ती सवय लग्नानंतर एका मे महिन्यात लागली जेव्हा एक दिवसाआड दोन तास पाणी यायचं. गोव्यात पाण्याची टंचाई म्हटलं की बाहेरचे हसतात, वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारी जागा ही. पण तो सगळा जवळजवळ चार महिन्यांतच पडतो, आणि आपली जमीन जांभ्याची, चिऱ्याची, भोकाभोकांची, पाणी आत जातं तसं झऱ्यांतून ओहोळांतून निघूनही जातं. एप्रिल लागला की बांय तळ दाखवते. त्यात २०१९ आणि २०२३ सारखा पाऊस उशिरा आला की मग जूनचा पहिला पंधरवडा आभाळाकडे बघत काढायचा.

आपलं पाणी कुठून येतं ते आधी माहीत करून घ्या. बार्देश, पेडणे, डिचोली या बाजूला तिळारीचा मोठा आधार आहे, धरण दोडामार्गात, महाराष्ट्र आणि गोव्याचं मिळून, आणि पाणी कालव्यातून येतं, त्यामुळे कालव्याचं काम निघालं की आमचा नळ बारीक होतो. पणजी-फोंड्याकडे ओपाचं पाणी, खांडेपार नदीचं. सत्तरीच्या बाजूला अंजुणे धरण. दक्षिणेत साळावली धरण, ज्याच्या पाण्याखाली गेलेलं कुर्डी गाव दर मे महिन्यात वर येतं आणि जुनी माणसं आपल्या घराची जोती बघायला जातात (गायिका मोगूबाई कुर्डीकर त्याच गावच्या). हे माहीत असलं की पेपरातली कुठली बातमी आपल्यासाठी आहे ते कळतं. आणि टंचाई काही फक्त मे महिन्यातच येते असं नाही, ऑगस्ट २०१९ मध्ये ऐन पावसात कुर्टी-खांडेपारला जलवाहिनी फुटली तेव्हा फोंडा आणि तिसवाडीत (पणजीच्या बाजूला) बाहेर धो धो आणि घरात नळ कोरडे अशी गत बरेच दिवस होती. तेव्हा खालचं सगळं बाराही महिने उपयोगी आहे.

आता मोजणी. हे सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं पण याच्याशिवाय बाकीचं सगळं हवेत आहे. मीटरवर एक युनिट म्हणजे एक हजार लिटर. आज सकाळी आकडा लिहा, उद्या त्याच वेळी लिहा. आमचा निघाला दिवसाला आठशे लिटर, पाच माणसांत माणशी एकशे साठ. शहरासाठी सरकारी हिशेब माणशी १३५ लिटरचा आणि गावासाठी जलजीवन मिशनचा ५५ लिटरचा. म्हणजे मी स्वतःला काटकसरी समजत होते आणि गावच्या माणसाच्या तिप्पट पाणी उडवत होते. आम्ही ठरवलं पंचावन्नवर यायचं. खरं सांगते, शेवटपर्यंत आलो नाही, साठ-बासष्टवर अडकलो, पण आठशेचे तीनशे झाले.

दुसरी मोजणी रात्री झोपताना. सगळे नळ बंद करून मीटर बघा, सकाळी कुणी नळ सोडायच्या आधी परत बघा. काटा हलला असेल तर कुठेतरी गळतंय. सेकंदाला एक थेंब टपकणारा नळ दिवसाला पंधरा-वीस लिटर घालवतो, म्हणजे एका माणसाची आंघोळ. वॉशर काही रुपयांचा असतो, प्लंबरची वाट बघत महिना काढू नका, वरचा कॉक बंद करून स्वतः बदलता येतो, माझा दहावीतला मुलगा बदलतो. सोसायटीत मीटर सगळ्यांचा मिळून असेल तर ही युक्ती चालणार नाही, मग प्रत्येक नळाखाली रात्री एकेक वाटी ठेवा आणि सकाळी बघा.

फ्लश. याच्यावर जरा जास्त लिहिणार आहे कारण सगळ्यात जास्त पाणी इथे जातं आणि घरात कुणालाच त्याबद्दल बोलायचं नसतं. जुन्या टाकीचा एक फ्लश म्हणजे दहा लिटर धरा. पाच माणसं, दिवसाला पाच-पाच वेळा, अडीचशे लिटर! आठशेतले अडीचशे नुसते तिथे, आणि तेही प्यायच्या लायकीचं, शुद्ध करून आलेलं पाणी.

आधी टाकी गळते का बघा. टाकीत थोडा खायचा रंग टाका, पंधरा-वीस मिनिटं फ्लश करू नका, खाली भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर गेलं. मी शिगम्याचा उरलेला गुलाल टाकला होता, तो चिकटला, दोन दिवस सगळं गुलाबी, पाहुणे आले तेव्हा काय सांगू कळेना. तर खायचाच रंग टाका. मग टाकीत एक लिटरची बाटली पाण्याने भरून, झाकण घट्ट लावून, उभी ठेवा, म्हणजे प्रत्येक फ्लशला एक लिटर कमी. आतल्या दांड्याला लागणार नाही अशी ठेवा. आमच्या ह्यांनी बाटलीऐवजी चिऱ्याचा तुकडा टाकला, म्हणाले जड आहे, हलणार नाही. चिरा पाण्यात विरघळत गेला आणि लाल मातीने व्हॉल्व अडकून टाकी रात्रभर वाहत राहिली, वाचवायला गेलो आणि टाकी उपसली. दगड-वीट काही नको, बाटली.

पण टंचाईच्या दिवसांत खरा उपाय म्हणजे टाकीचा कॉकच बंद करायचा आणि शेजारी बादली ठेवायची. कपड्यांचं साबणाचं पाणी, लादीचं पाणी, हात धुतलेलं पाणी त्या बादलीत. लघवीला दोन तांबे पुरतात. नाहीतर अर्धी बादली, पण ती जरा उंचावरून आणि एका दमात ओतायची, थोडी थोडी ओतली तर पूर्ण बादली जाते आणि तरी काम होत नाही. मुलांना हे शिकवावं लागतं. मोठ्यांनाही.

आंघोळीचं भांडण प्रत्येक घरात होणार, तयारी ठेवा. शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर घेतो, दहा मिनिटं उभं राहिलात तर शंभर लिटर. मी शॉवरची चावीच काढून कपाटात ठेवली. माणशी एक बादली, आणि बादली किती लिटरची ते एकदा बाटलीने मोजून आत मार्करने रेघ मारा, कारण दुकानात वीस म्हणून घेतलेली आमची बादली सोळाची निघाली, ते बरंच झालं. गीझर असेल तर गरम पाणी यायच्या आधी जे गार पाणी येतं ते खाली बादली लावून धरा. आपल्याकडे मे महिन्यात एका आंघोळीने भागत नाही हे मला मान्य आहे, घाम असा की पंख्याखालीसुद्धा अंग चिकचिकतं, पण संध्याकाळची आंघोळ म्हणजे ओला पंचा आणि दोन तांबे, बस. मला वाटलं होतं सासूबाई ऐकणार नाहीत, त्यांची पूजा, सोवळं. मी घाबरत घाबरत म्हटलं, "आई, थोडे दिवस जरा कमी पाण्यात…" तर म्हणाल्या, "अगो, आम्ही बांयवरून कळश्या काखेत घेऊन चढण चढत होतो, मी दोन तांब्यांतच न्हाते, तू तुझ्या नवऱ्याक सांग." सांगितलं.

स्वयंपाकघरात मोठं प्रकरण म्हणजे मासे, हे इतर ठिकाणच्या पाणीबचतीच्या यादीत तुम्हाला कधी सापडणार नाही. नळाखाली धरून बांगडे साफ करायचे म्हणजे चार बांगड्यांना एक बादली गेलीच. शक्य असेल तर बाजारातच कापून साफ करून घ्या. घरी करायचे तर खवले, पोट, कल्ले सगळं आधी कोरडंच वर्तमानपत्रावर काढा, मग एका टोपात मीठ घालून पाणी, त्यात एकदा, दुसऱ्या टोपात साध्या पाण्यात एकदा. झालं, तीन-चार लिटरमध्ये. ते पाणी माडाच्या मुळात घाला, माडाला आवडतं. फ्लॅटवाल्यांनी कुंडीत घालू नये, मी घातलं होतं, वाड्यावरची सगळी मांजरं बाल्कनीखाली बैठकीला.

तांदूळ धुतलेलं पाणी, डाळ भिजवलेलं पाणी, उकड्या तांदळाचं पहिलं पाणी, हे सगळं कढीपत्त्याला आणि तुळशीला. भांडी आधी पुसायची, नारळाच्या चोडाने (काथ्याने) किंवा पोळीच्या तुकड्याने, मग एका टोपात साबण आणि दोन टोपांत खळबळायचं, नळ चालू न ठेवता. तेलकट साबणाचं पाणी पालेभाजीला नको, केळीला माडाला चालतं.

पाणी शुद्ध करायचं मशीन आरओचं असेल तर त्याची नळी एकदा बादलीत सोडून बघा. एक लिटर प्यायचं पाणी देताना ते मशीन दोन-तीन लिटर मोरीत घालवतं. आपल्या नद्या-धरणांचं नळाचं पाणी मुळात गोडं, क्षार कमी, त्याला आरओची खरं तर गरजच नसते, साधा फिल्टर आणि उकळणं पुरे. पण मशीन आहेच, काढवत नाही, तर निदान ते सोडलेलं पाणी भांड्यांना आणि लादीला घ्या. तसंच एसीचं. आपल्या दमट हवेत बेडरूमचा एसी रात्रभर चालला की आमच्याकडे अर्ध्या बादलीच्या वर पाणी निघतं, ते पिऊ नका, पण फ्लशला आणि लादीला एकदम चांगलं.

कपडे एक दिवसाआड, मशीन पूर्ण भरल्यावरच. मशीनची बाहेर जाणारी नळी टबमध्ये सोडा, पहिलं साबणाचं पाणी फ्लशला, शेवटचं खळबळलेलं पाणी पुढच्या धुण्याचं पहिलं पाणी म्हणून. जीन्स रोज धुवायची नसते. दारातला सडा, गाडी धुणं, गॅलरी धुणं सगळं बंद, गाडीला ओलं फडकं. कुंड्यांमध्ये नारळाची सोडणं (वरची सालं) घाला मातीवर, ओल टिकते, आणि पाणी संध्याकाळी घाला.

आणि घरात कामाला मावशी येत असतील तर त्यांना हे सगळं नीट समजावून सांगा, नुसतं "पाणी कमी वापर" म्हणून वर भांडी लखलखीत हवीत असं करू नका. त्यांच्या घरी आपल्याहून कमी पाणी असतं बहुतेक वेळा. आमच्याकडच्या जाताना पाच लिटरचा कॅन भरून नेतात, त्याचा हिशेब मी ठेवत नाही.

साठवण. निळे दोनशे लिटरचे ड्रम मिळतात, घेताना आधी त्यात काय होतं ते विचारा, वास घ्या, केमिकलचा असेल तर फुकट दिला तरी नको. पिण्याचं पाणी वेगळं, स्टीलच्या किंवा तांब्याच्या भांड्यात, काढायला लांब दांड्याचा डाव, हात बुडवायचा नाही. ड्रमवर खडूने भरल्याची तारीख, जुना आधी संपवायचा. झाकणाखाली जुन्या सुती साडीचा तुकडा सुतळीने घट्ट बांधा, कारण डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याचा उडता डास होतो. आठवड्यातून एकदा ड्रम पूर्ण संपवून आतून ब्रशने घासायचा. नुसता रिकामा करून चालत नाही, अंडी कडेला चिकटून असतात, पाणी आलं की परत जिवंत. घासलेलं पाणी कुठे जाणार ते आता तुम्हाला माहीत आहे.

एक महत्त्वाचं राहिलं. नळाला पाणी नसताना माणूस नळ सोडून बघतो, पाणी येत नाही, आणि तो तसाच उघडा ठेवून निघून जातो. आम्ही एकदा म्हापशाला लग्नाला गेलो होतो, परत आलो तर दारातून पाणी जिन्यावर. खालच्या काकी काही बोलल्या नाहीत, नुसतं बघितलं, त्याने जास्त लागलं. तेव्हापासून घराबाहेर पडताना मेन कॉक बंद, कुलपाच्या आधी. सोसायटीवाल्यांनी वरच्या टाकीचा फ्लोट आधी तपासावा, पंप चालू करून विसरलेल्या टाकीतून जितकं पाणी गच्चीवरून वाहतं तितकं आपण सगळे तांब्यातांब्याने महिनाभर वाचवतो. पाच मिनिटांचा मोबाईलचा अलार्म लावा, फुकट आहे.

टँकर मागवायची वेळ आली तर पाणी कुठलं ते विचाराच. गोव्यात भूजलाचा कायदा २००२ सालापासून आहे, बांय-बोअरवेल आणि त्यावरून पाणी नेणारे टँकर यांची नोंदणी लागते, तेव्हा कागद मागायला लाजू नका. समुद्राच्या, खाडीच्या जवळच्या बांयवरून सतत पंप चालला की खारं पाणी आत ओढलं जातं. ओळखायचं सोपं आहे, साबणाला फेस येत नाही आणि डाळ शिजत नाही. टँकरचं पाणी पिण्याच्या टाकीत मिसळू नका, आणि प्यायचंच असेल तर फडक्याने गाळून खळखळून उकळी आणा. दहा हजार लिटर सांगून किती ओतलं हे कळायला एक काठी ठेवा. संप (जमिनीखालची टाकी) तीन मीटर लांब दोन मीटर रुंद असेल तर काठीवर दहा सेंटिमीटर चढले म्हणजे सहाशे लिटर आले. मी काठी घेऊन उभी राहायला लागल्यापासून पाणी वाढलंय, एवढंच म्हणते.

गावाकडे बांय असेल तर पाणी तळाला गेल्यावर ते गढूळ होतं, तेव्हा ब्लीचिंग पावडर टाका. हिशेब असा: बांयचा व्यास गुणिले व्यास, गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, त्याला ०.७८५ ने गुणा, आलं तितके हजार लिटर. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ताजी पावडर. दोन मीटर व्यास आणि दीड मीटर पाणी म्हणजे साधारण चार हजार सातशे लिटर, बारा ग्रॅम पावडर. बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन, वरचं निवळ पाणी बांयत सोडायचं आणि कळशीने पाणी ढवळायचं, तासभर कुणी पाणी काढायचं नाही. रात्री केलेलं बरं. बांयत डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडले असतील तर पावडर मापानेच टाका, अंदाजाने मूठभर टाकाल तर सकाळी मासे वर तरंगताना दिसतील.

पाऊस सुरू झाला की लगेच बादल्या लावायला धावू नका. पहिल्या दोन-तीन सरींमध्ये छपरावरची धूळ, सुकी पानं, पाखरांची घाण सगळं उतरतं. ते जाऊ द्या. मग पागोळीखाली ड्रम लावा. शंभर चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे शंभर लिटर, थोडं इकडेतिकडे जातं पण एका बऱ्या सरीत ड्रम भरतो. हे पाणी फ्लशला, कपड्यांना, लादीला. कपडा बांधायला मात्र विसरू नका, जूनमध्ये डास आपल्या आधी पोचलेले असतात.